पाणी बघून काठी

मासेमारीचा रॉड घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न 'पाणी कुठलं?' हा असायला हवा. साताऱ्याची कृष्णा आणि सांगलीची कृष्णा, नाव एकच. पण गळ टाकणाऱ्यासाठी त्या दोन वेगळ्या नद्या आहेत.

धोमला किंवा कण्हेरला पाणी मागे हटलं की काठाला मोकळी, उतरती जमीन मिळते. हात पूर्ण फिरतो. कटला, रोहू लांबवर. तिथे ९-१० फुटी फायबरग्लासचा रॉड आणि साधं स्पिनिंग रील पुरतं. रॉडवर ग्रॅममध्ये आकडे छापलेले असतात, ते मात्र वाचावेत. ४०-८० लिहिलं असेल तर शिसं आणि कणकेचा गोळा मिळून तेवढ्यातच बसला पाहिजे. १०-३० च्या रॉडने १०० ग्रॅम भिरकावले की शेंडा मोडतो, आणि शिव्या कंपनीला बसतात.

मरळ गवताच्या कडेला दबा धरून असते. रबरी बेडूक पाण्यावरून ओढत आणायचा, आणि तिने झडप घातली की झाडोऱ्यात घुसायच्या आत तिला बाहेर काढायचं. त्याला साडेसहा-सात फुटी, कडक रॉड आणि विणलेला दोरा लागतो. चिलापीला यातलं काहीच नको. वाळवलेली चिव्याची काठी, तेवढाच लांब दोरा, भेंड आणि गांडूळ. पैसा वसूल म्हणाल तर हिला तोड नाही.

भाचा सांगलीत असतो. त्याचा फोन आला, "मामा, सहा फुटी कार्बनचा बघितलाय. एकदम हलका आहे."

कार्बन हलका असतो, माशाचा बारीक टोकाही हाताला कळतो, हे खरंच. पण भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. मगर काठाशीच, पाण्याखाली निपचित थांबते. रॉड आखूड असला की दोरा काठाच्या गवतात अडकतो, तो सोडवायला माणूस खाली उतरतो. लांब रॉडने दोरा वरच्या वर उचलता येतो आणि मासाही वर उभं राहूनच ओढता येतो. शिवाय उसाच्या रानातून नदीवरच्या मोटारींना गेलेल्या विजेच्या तारा जागोजागी आहेत, आणि कार्बनमधून वीज वाहते. ओल्या फायबरग्लासचाही भरवसा धरू नये. तारेखाली कुठलाच रॉड उभा करायचा नाही.

म्हणून त्याला १० फुटी फायबरग्लास घ्यायला लावला. दुमडता येणारा नको म्हटलं. मोटारसायकलवर न्यायला सोयीचा, पण सांध्यात वाळू गेली की अडकतो. दोन तुकड्यांचा बरा. दुकानातच जोडून, रील लावून हातात तोलायचा, आणि प्रत्येक कडीतून कापूस फिरवायचा. धागा अडकला तर कडीला चीर आहे, ती उद्या दोरा कापणार. उरलेल्या पैशांत चांगला दोरा आणि लांब दांड्याची जाळी. धरणावर जाणार असशील तर ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारूनच जा, आणि पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे धरू नकोस. त्यांच्या पोटात अंडी असतात.

रंग मनासारखा मिळाला नाही म्हणून तो थोडा खट्टू झाला. बहिणीला रंगाशी, कार्बनशी काही देणंघेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "पाण्यापासून किती लांब उभा राहील?"

मी म्हटलं, "आता उतरायचं कारण उरलेलं नाही."


ती म्हणाली, "मग महाग पडला नाही."