आमचा ढवळ्या

कुत्रा पाळणे निराळे आणि पॉइंटर पाळणे निराळे, हे मामांच्या घरी राहिलो नसतो तर मला कधी कळले नसते. इंदूर हे माझे आजोळ. महाविद्यालयीन शिक्षणासाठी १९६४ साली मी तेथे राहावयास गेलो. मामांनी होळकर संस्थानच्या लष्करात नोकरी केलेली होती; संस्थान विलीन झाल्यावर ते शेतीकडे वळले. शहरापासून काही मैलांवर नाल्याकाठी त्यांची काळ्या मातीची जमीन होती. दुनळी बंदूक, तिचा परवाना आणि हिवाळ्यात पाखरांच्या मागे हिंडण्याची हौस, एवढे त्यांच्या जुन्या आयुष्यातले उरले होते.

१९६५ च्या पावसाळ्यात महूच्या छावणीतील एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि जाताना त्यांनी मामांना अडीच महिन्यांचे एक पिल्लू दिले. पांढरेशुभ्र अंग, त्यावर यकृताच्या रंगाचे चारसहा ठिपके आणि अंगाच्या मानाने फार मोठे पंजे. कागदोपत्री त्याचे नाव होते ड्यूक. आजीने ते एकदा उच्चारून पाहिले, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "हा तर आपला ढवळ्या!" माहेरच्या पांढऱ्या बैलाचे नाव तिने त्याला देऊन टाकले. प्रदर्शनाच्या अर्जावर तो शेवटपर्यंत ड्यूक राहिला. हाक मात्र त्याने एकाच नावाची ऐकली.

त्याला घरी येऊन पंधरवडाही झाला नसेल. मामांनी वेताच्या काठीला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला तित्तराचे पीस बांधले आणि ते अंगणात गवतावर टाकले. पिल्लू दोन वेळा त्यावर झेपावले. तिसऱ्या वेळी मात्र ते मध्येच थबकले. मान पुढे, शेपूट सरळ, पुढचा एक पाय उचललेला, आणि सगळे अंग असे ताठ की जणू कोणी ओतून ठेवले आहे. त्याला हे कोणीही शिकविले नव्हते. "ठाण धरलं बघ!" मामा हळूच म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात त्या उभे राहण्याला ठाण हाच शब्द रूढ झाला.

पॉइंटर जातीचे सारे मर्म या थबकण्यात आहे. सावजाचा वास आला की झेप घेणे हा कुणाही कुत्र्याचा स्वभाव. झेपेपूर्वीचा तो क्षणभराचा विराम माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांबवीत नेला. बंदुका चांगल्या होण्यापूर्वी युरोपात अशा कुत्र्यांच्या मदतीने पाखरांवर जाळी टाकीत. कुत्रा थांबला की पाखरू कोठे दडले आहे ते कळे. पुढे इंग्लंडात या जातीला आजचे रूप आले. विल्यम आर्कराइट नावाच्या गृहस्थांनी १९०२ साली या कुत्र्यांच्या पूर्वजांवर एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. एका कुत्र्याच्या उभे राहण्यापायी माणसे एवढी वेडी होतात, याचे ढवळ्या येईपर्यंत मला हसू येत असे.

शिकारीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई. थंडीबरोबर लावे उतरत आणि हरभऱ्याच्या व तुरीच्या शेतांत शिरत. पहाटे दव पडलेले असताना आम्ही निघत असू, कारण ओल्या जमिनीवर वास टिकतो. ऊन चढून माती तापली की तो विरून जातो आणि उत्तमातला उत्तम कुत्राही आंधळा होतो. मामा वारा तोंडावर घेऊन उभे राहत आणि हाताची खूण करीत. मग ढवळ्या सुटे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, नांगराचे तास पडावे तसा तो शेत कापीत जाई. नाक जमिनीला लावून माग काढणाऱ्या कुत्र्यांचा तिरस्कार असल्याप्रमाणे त्याची मान नेहमी उंच असे, कारण पॉइंटर वास मातीतून नव्हे तर वाऱ्यातून घेतो. मध्येच धावता धावता एखाद्या अदृश्य भिंतीवर आदळावा तसा तो थांबे. त्याच्यापुढे दहाबारा पावलांवर हरभऱ्याच्या रोपांत काहीही दिसत नसे. पण तेथे पाखरू आहे याविषयी त्याला शंका नसे, आणि आम्हांलाही नसे.

लावे दडून बसणारे, म्हणून त्यांच्यापुढे ठाण धरणे सोपे. राखी तित्तराची गोष्ट वेगळी. तो उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो आणि बाभळीच्या बुंध्याआडून निसटून बांधापलीकडे जातो. पहिल्या वर्षी या लबाडीने ढवळ्या फार गोंधळे. रिकाम्या जागेपुढे ठाण धरून उभा राही आणि आम्ही जवळ गेलो की ओशाळून बघे. दुसऱ्या हंगामात तो एक एक पाऊल टाकीत, पोट जमिनीला टेकवीत तित्तराच्या मागे सरकावयास शिकला. हे शिक्षण त्याला पाखरांनी दिले. आमचा त्यात काही वाटा नव्हता. बंदुकीचा बार झाल्यावर न धावता जागीच बसणे मात्र मामांनी शिकविले. त्यासाठी त्यांना एक हिवाळा लागला, पण त्यांनी कधी छडी उगारली नाही.

घरी परतल्यावर दुसरे काम असे. मामी कंदील घेऊन अंगणात बसे आणि मी त्याच्या पंजांतले सराटे, कानांतली कुसळे आणि मांडीतले गोचीड काढी. आखूड केसांच्या या जातीला आपल्याकडचे ऊन सोसते, पण काटे सोसत नाहीत. हंगामाच्या अखेरीस त्याच्या छातीवर ओरखड्यांची जाळी झालेली असे.

आणि नेमका हाच पुढे वादाचा विषय झाला. ढवळ्या दोन वर्षांचा झाला तेव्हा ज्याने त्याने त्याला प्रदर्शनात न्यावे असा आग्रह धरला. इंग्लंडातील नियमांत पॉइंटर नराची उंची ६३ ते ६९ सेंटिमीटर सांगितली आहे. तो ६६ भरला. कपाळ आणि नाकाच्या मधली ठळक पायरी, किंचित वर उचललेले नाकाड, रुंद ओल्या नाकपुड्या, बुडाशी जाड आणि टोकाकडे मधमाशीच्या नांगीसारखी निमुळती होणारी शेपूट, सगळे जसे असावे तसे होते. त्या वयात मला चषकाची हाव होती. प्रदर्शनापूर्वीचे तीन महिने त्याला काट्यांत नेऊ नये असे मी मामांना सुचविले. "अरे, तलवार म्यानात शोभते म्हणून ती उपसायचीच नाही का?" असे म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याला घेऊन निघून गेले.

नंतर वाचनात आले की इतिहास मामांच्या बाजूचा होता. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. त्यात केवळ पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती होत्या आणि बक्षिसे म्हणून बंदुका दिल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर केनेल क्लबने १८७७ पासून भरविलेल्या विख्यात प्रदर्शनाचे बोधचिन्हही ठाण धरलेला पॉइंटरच आहे. ब्रिटनमध्ये आजही शिकारी जातीचा कुत्रा नुसती प्रदर्शने जिंकून ‘शो चॅम्पियन’ एवढाच होतो. निव्वळ ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यावयाचे तर शेतात काम करता येते हेही त्याला दाखवावे लागते.

१९६८ च्या जानेवारीत आम्ही त्याला मुंबईस नेले. मीटर गेजच्या गाडीने पाताळपाणीचा घाट उतरून खांडवा आणि तेथे गाडी बदलून पुढे. कुत्र्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत बसवावे लागे. मामा प्रत्येक मोठ्या स्थानकावर उतरून पितळी तांब्या घेऊन मागे धावत आणि गाडीची शिटी झाली की परत धावत येत. पहाटे कल्याणला गार्डच म्हणाला, "तुमचा कुत्रा रात्रभर निवांत आहे, झोप तुमचीच उडाली आहे."

रिंगणात मी त्याला धरून उभा होतो. परीक्षकांनी दात पाहिले, खांद्यांवरून हात फिरविला, छातीवरचे ओरखडे बोटाने चाचपले आणि काही न बोलता पुढे गेले. शेजारचे दोन्ही पॉइंटर लोण्यासारखे नितळ होते. शिकविल्याप्रमाणे ते सुंदर उभे राहिले. ढवळ्यालाही तसे उभे राहता येत असे, पण त्यात त्याचे मन नसे. डोळ्यांत कंटाळा दिसे. इतक्यात मांडवाच्या कडेला गवतावर दोन कबुतरे उतरली. माझ्या हातातला पट्टा एकदम घट्ट झाला. खाली पाहतो तो पुढचा पाय उचललेला, मान ताणलेली, शेपूट सळईसारखी. परीक्षक थांबले, दोन पावले मागे सरले आणि कबुतरे उडून जाईपर्यंत तसेच बघत राहिले. जातीतले पहिले बक्षीस आम्हांला मिळाले. सर्व शिकारी जातींच्या एकत्र फेरीत मात्र आमचा निभाव लागला नाही. तेथील एका पदाधिकाऱ्याने, असा व्रणांनी भरलेला कुत्रा पुन्हा आणू नका, असे सुनावले. मामांनी त्यांना नमस्कार केला. त्यानंतर आणखी दोन प्रदर्शने झाली. मग ते प्रकरण आपोआप मागे पडले. चषकात मामी गुंड्या ठेवू लागली.

मुंबईत मला एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. रिंगणात तो आमच्या सांगण्यावरून उभा राही; शेतात त्याच्या सांगण्यावरून आम्ही उभे राहत असू.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लहान पाखरांसाठी परवान्याची वाट त्यानंतरही काही काळ उघडी होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. मामांनी मात्र १९७३ च्या हिवाळ्यात बंदूक बाहेर काढलीच नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "कायद्याचं काय घेऊन बसलास? पाखरं कमी झाली आहेत, हे हा ढवळ्या मला दोन वर्षांपासून सांगतो आहे. पूर्वी एका सकाळी दहा-बारा ठाणं धरायचा, आता तीन धरतो."

त्यांचे खरे होते. पडीक रान नांगराखाली येत होते आणि बांधावरची झुडुपे तुटत होती. पण ढवळ्या तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याचे नाक ऐन भरात होते आणि त्याला कायदा कोणी समजावून सांगावा? हातात नुसती काठी घेऊन आम्ही त्याला नेत असू. तो ठाण धरी. मामा पुढे होऊन काठीने रोपे हलवीत. पाखरू फडफडत उडे आणि दूर जाऊन बसे. बार होत नसे. मग तो वळून मामांकडे बघे. तक्रार नव्हे, राग तर नव्हेच. काहीतरी राहून गेले आहे आणि ते कोणाच्या ध्यानात आलेले नाही, अशी ती नजर होती. पहिल्या आठवड्यात मामांना ती सोसेना. ते दुसरीकडे पाहू लागत.

तोडगाही त्यांनीच काढला. ब्रिटनमध्ये आणि नॉर्वे-स्वीडनकडे रानकोंबड्यांसारख्या पाखरांची गणना करण्यासाठी ठाण धरणारे कुत्रे वापरतात, असे मी त्यांना कधीतरी सांगितले होते. त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही आणली. प्रत्येक ठाणाला तारीख, शेत, पाखराची जात आणि संख्या. पाखरू उडाले की मामा मोठ्याने म्हणत, "शाब्बास, लिहिलं!" आणि खिशातून वाळलेल्या मांसाचा तुकडा काढून त्याला देत. महिनाभरात ढवळ्याचे ते वळून पाहणे थांबले. ‘लिहिलं’ हा शब्द ऐकला की तो शेपूट हलवून पुढच्या शेताकडे निघे.

अशी पाच हिवाळ्यांची नोंद झाली. मी तोवर देवासला शिक्षक झालो होतो आणि रविवारी येत असे. अखेरच्या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय धरले होते. चारदोन शेतांनंतर तो बसून घेई, आणि एकदा तर बसल्या जागेवरूनच त्याने मान ताणून नाल्याकडे रोख धरला. मामांनी जाऊन पाहिले. रंगीत तित्तरांची जोडी होती.

१९७८ च्या उन्हाळ्यात तो गेला. बांधावरच्या बोरीखाली मामांनी स्वतः खड्डा खणला, कुदळ कोणाच्या हाती दिली नाही. आजी तेव्हा नव्वदीकडे झुकली होती. तिने ज्वारीची अर्धी भाकरी पदरात आणली होती, ती त्याच्याजवळ ठेवली.

पुढच्या हिवाळ्यातही मामा काठी आणि वही घेऊन पहाटे जात असत. त्या वर्षी वहीत दोनच नोंदी झाल्या, दोन्ही पायाखालून अचानक उडालेल्या पाखरांच्या. बाकीची शेतात होती की नव्हती, हे सांगणारे कोणी नव्हते.