न दुखणारे दुखणे

२०१८ च्या उपवासकाळातील एका पहाटे, मिस्सेपूर्वी दात घासत असताना बेसिनमध्ये तांबूस पाणी दिसले. ब्रश कडक असेल, असे म्हणून मी तो बदलला. मग टूथपेस्ट बदलली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. तरीही पेरूचा घास घेतला की पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटे. शेवटी मी एक अजब उपाय शोधून काढला. जिथून रक्त येते, तिथे ब्रश लावणेच सोडून दिले. बेसिनमधला तांबूसपणा कमी झाला आणि मला बरे वाटले. त्या बरे वाटण्यात माझी चार वर्षे गेली.

दुखत मात्र काहीच नव्हते. किडलेला दात निदान प्रामाणिक असतो. रात्री झोपू देत नाही आणि माणसाला फरफटत दवाखान्यात नेतो. हिरड्यांचा आजार आवाज न करता काम करतो, आणि ज्याला दवाखान्यात जायचेच नसते त्याच्या हाती एक सबळ सबब देतो. मला जायचे नव्हते. का, ते सांगण्यासाठी १९८६ सालापर्यंत मागे जावे लागेल.

तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. सेमिनरीत दाखल होऊन काही महिनेच झाले होते. दाढ सुजली म्हणून मला एका दवाखान्यात नेण्यात आले. इंजेक्शन दिले गेले, पण ते भिनण्याआधीच चिमटा तोंडात गेला. मी हात झटकले, तेव्हा कोणीतरी ते घट्ट धरून ठेवले. लवंगेच्या तेलाचा तो उग्र वास आजही नाकात आला की माझे तळहात ओले होतात. तरीही त्या वेदनेहून अधिक खोल रुतले ते परतीच्या वाटेवरचे बोलणे. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांनी मला संत अपोलोनियाची गोष्ट सांगितली. "तिचे सगळे दात पाडले, तरी तिने श्रद्धा सोडली नाही. आणि तू धर्मगुरू व्हायला निघालास, तो एका दाढेसाठी रडतोस?" मी रुमालात रक्त थुंकत मान खाली घालून चालत राहिलो.

पुढे ख्रिस्तसभेचा इतिहास अभ्यासताना मूळ हकिकत वाचनात आली. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी ती एका पत्रात लिहिली आणि युसेबियसने ते पत्र जतन केले. इसवी सन २४९ च्या सुमारास तेथे उसळलेल्या दंगलीत जमावाने अपोलोनियाच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडले आणि तिला आगीची धमकी दिली. चित्रकारांनी हाती चिमटा आणि त्यात दात दिलेली तरुण कुमारिका रंगवली. बिशपांच्या पत्रात मात्र ती वृद्ध स्त्री आहे. दातदुखीने गांजलेले भाविक शतकानुशतके तिचा धावा करीत आले आहेत. नऊ फेब्रुवारीला तिचा सण येतो. त्या म्हातारीच्या हौतात्म्याची छडी करून एका घाबरलेल्या मुलावर उगारणे मला आजही रुचत नाही. ती छडी लागली मात्र खरी. त्यानंतर छत्तीस वर्षे मी दंतवैद्याची पायरी चढलो नाही. वेदना मी एकवेळ सोसली असती. भितो हे कोणाला दिसावे, याचेच मला भय होते.

दरम्यान तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. तोंडाजवळ रुमाल धरून बोलण्याची मला सवय लागली. कुमसार ऐकताना मी लवंग चघळू लागलो. २०२२ च्या पावसाळ्यात धर्मग्रामातील एका अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंना ख्रिस्तशरीर देण्यास गेलो होतो. प्रार्थना म्हटली, मान वळवून, रुमाल ओठांशी धरूनच दोन शब्द बोललो आणि निघालो. अंगणापर्यंत सोडायला आलेली त्यांची सून अवघडून म्हणाली, "फादर, रागावू नका. आई विचारत होत्या, फादरांना माझी घाण येते काय?"

त्यांना पाठीवर शय्याव्रण झाले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो, खाटेजवळ स्टूल ओढले आणि खरे काय ते सांगून टाकले. आजीबाई तोंडभर हसल्या. तोंडात एकही दात नव्हता. म्हणाल्या, "अहो फादर, मी जन्मभर मिश्री लावली. कधी थेंबभर रक्त आले नाही, आणि पन्नाशीत दात आपले हातात येऊ लागले. तुमचे आहेत तोवर दाखवून घ्या."

आठवड्याने मी दवाखान्याच्या खुर्चीत बसलो. डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाच्या. बसता बसताच मी सांगून टाकले, "मला फार भीती वाटते." त्या हसल्या नाहीत. "डावा हात वर केलात की मी थांबेन," एवढेच म्हणाल्या. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत हलकेच फिरवून त्या मदतनिसाला आकडे सांगू लागल्या. तीन, दोन, तीन, पाच, सहा, सात. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडीने दात सोडायला सुरुवात केली असे समजावे. दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही की त्याचे दगडासारखे कीटण होते. त्याच्याशी झगडताना हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खालचे हाड हळूहळू झिजते. नुसती सूज असेल तोवर सारे पूर्ववत होऊ शकते. गेलेले हाड मात्र सहसा आपणहून परत येत नाही. आजीबाईंच्या मिश्रीचा उलगडाही तिथेच झाला. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही आणि आजार झाकला जातो.

"मधुमेह आहे?" त्यांनी विचारले. होता, सहा वर्षांपासून. रक्तातील साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, हे मी प्रथमच ऐकत होतो.

चार खेपांत, एकेक बाजू सुन्न करून, मुळांपर्यंतची सफाई झाली. मी दोनदा हात वर केला. पहिल्यांदा खरोखर दुखले होते. दुसऱ्यांदा काही दुखत नव्हते. त्या खरेच थांबतात का, एवढेच पाहायचे होते. त्या थांबल्या.

खालची एक दाढ वाचली नाही. सूज उतरल्याने दात लांब दिसू लागले आणि गार पाणी झोंबू लागले. साफ केल्याने दात हलतात असे लोक म्हणतात, त्याचे मूळ यातच असावे. कीटण निघाल्यावर दातांमधल्या फटी जिभेला जाणवतात. पण दातांचा आधार त्यापूर्वीच कधीतरी झिजलेला असतो. आता रात्रीच्या प्रार्थनेनंतर माझी दहा मिनिटे दातांच्या फटींत लहानसा ब्रश फिरवण्यात जातात. पहिले पंधरा दिवस रक्त आले, मग थांबले. मधुमेहाच्या डॉक्टरांनाही मी सारे सांगितले.

आजीबाई त्याच वर्षी नाताळच्या आधी गेल्या. शेवटच्या अभ्यंगाच्या वेळी त्यांना ऐकू कमी येत होते. मी रुमाल खिशातच ठेवला, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि सगळी प्रार्थना तिथेच म्हटली.

दर तीन महिन्यांनी मला तपासणीला जावे लागते. बाहेरच्या बाकावर अजूनही तळहातांना घाम फुटतो. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "फादर, आज कसे काय?" मी म्हणतो, "भीती वाटते," आणि खुर्चीत बसतो.