मुरलेले पाणी

लोणचे मुरावे लागते, माणूस कामात मुरावा लागतो, हे आपण सारेच जाणतो. पाणीही मुरावे लागते, हे मात्र आम्हांला वसतिगृहातील एका काचेच्या टाकीने शिकवले. शाळेच्या स्मरणिकेत गुरुजनांविषयी, निकालांविषयी आणि क्रीडांगणावरील विजयांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही, त्या वेळच्या नववीच्या वर्गातील काही मुले, येथे त्या टाकीविषयी लिहीत आहोत.

देवपुरातील आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दोन फूट लांबीची एक मत्स्यपेटी होती. तिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावे आणि त्यात आठ गोल्डफिश सुखाने नांदत. रविवारी पालक भेटीला येत. ज्यांच्या घरून कोणी येऊ शकत नसे, अशी लहान मुले त्या दिवशी बहुधा पेटीसमोर बसलेली आढळत. प्रत्येक माशाला त्यांनी नाव दिले होते. त्यामुळे तो केवळ शोभेचा कोपरा उरला नव्हता.

एका मार्च महिन्यात पेटीच्या तळाची काच तडकली. सुदैवाने माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेली चार फुटांची नवी टाकी आधीच येऊन पडली होती. त्याच रात्री कूपनलिकेच्या पाण्याने ती भरली. तिच्यात सुमारे २५० लिटर पाणी मावले. जुन्या खडीत काचेचे बारीक तुकडे मिसळले होते, म्हणून ती टाकून देणे भाग होते. नवी खडी धुऊन अंथरली आणि आठही मासे नव्या घरी गेले. पाणी इतके नितळ होते की पलीकडच्या भिंतीवरील सुविचार त्यातून वाचता येई.

सहाव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. त्यांचे कल्ले लालभडक दिसत होते आणि पर अंगाला चिकटले होते. हवेचा दुसरा पंप जोडला, तरी उतार पडेना. सायंकाळपर्यंत दोन मासे दगावले. लहान मुलांनी ते कडुनिंबाखाली पुरले आणि त्या रात्री त्यांच्यापैकी कोणी नीट जेवले नाही.

रसायनशास्त्राच्या सरांनी मासे विकणाऱ्या दुकानातून तपासणीची बाटली मागवली. परीक्षानळीतील पाण्यात थेंब टाकताच ते हिरवे झाले. तक्त्याशी रंग ताडून पाहिला, तेव्हा दर लिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम अमोनिया असल्याचे कळले. सर म्हणाले, “पोरांनो, पाणी स्वच्छ दिसते आहे, पण ते निर्जीव आहे.”

त्या वाक्याचा अर्थ आम्हांला पुढे उमगत गेला. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. जुन्या पेटीत हे विष साचत नसे, कारण तिच्या खडीच्या कणाकणावर अदृश्य जीवाणूंची वस्ती होती. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करीत आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास ही दोन पायऱ्यांची क्रिया उलगडून दाखवली. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे जीवाणूही असतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. आमच्या खडीबरोबर ही सारी वस्तीच गेली होती. टाकी मोठी झाली, पण तिच्यातील कामकरी नाहीसे झाले.

खानदेशच्या पाण्याने संकटात भर घातली. काळ्या पाषाणाच्या भूगर्भातून येणारे आपले पाणी बहुधा कठीण आणि आम्लारिधर्मी असते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत वावरतो, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे जहाल. पाण्याचे तापमान २५ अंश असेल, तर सामू ७ असताना जहाल रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. ऊन वाढेल तसा हा वाटाही वाढतो. आमच्या टाकीचा सामू ८.२ होता आणि धुळ्याचा मार्च तापू लागला होता. जहाल अमोनिया दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. आमच्या टाकीत तो त्याच्या सुमारे सहापट भरला.

उपाय साधे होते, पण चिकाटी मागणारे होते. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवले आणि पुढे एक दिवसाआड चिमूटभर दिले. रोज टाकीतील चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे भरायचे ठरले. ज्या देवपुरात नळाला रोज पाणी येत नसे, तेथे माशांसाठी रोज ६० लिटर पाणी म्हणजे चैन वाटावी. अधीक्षक सरांनी तोड काढली. काढलेले पाणी एक थेंबही वाया न घालवता पपईच्या व कडुनिंबाच्या आळ्यांत घालायचे, आणि झाडांच्या वाट्याचे पाणी टाकीला द्यायचे. नळाचे पाणी आधी एक दिवस उघड्या पिंपात ठेवीत आणि त्यात दुकानातून आणलेले अँटी क्लोरीनचे थेंब टाकीत. क्लोरीन माशांना जाचतो आणि जीवाणूंनाही मारतो.

खरा आधार मात्र देवपुरातीलच एका कुटुंबाकडून आला. त्यांच्या घरी अनेक वर्षांची जुनी मत्स्यपेटी होती. तिच्या गाळणीतील काळपट, चिखलाचा वास येणारा स्पंज त्यांनी आम्हांला दिला. आमच्यातील काहींनी नाके मुरडली. सरांनी मात्र तो न पिळता, न धुता, त्याच पेटीच्या पाण्यात बुडवून तातडीने आणला आणि आमच्या गाळणीत बसवला. त्या मळकट स्पंजातच जीवाणूंची वस्ती होती. त्यांना प्राणवायू सतत लागतो. वीज गेली आणि पंप थांबले की आम्ही आळीपाळीने लोट्याने पाणी उंचावरून परत टाकीत सोडत असू. परीक्षेची पुस्तके एका हातात आणि लोटा दुसऱ्या हातात, असे ते दिवस होते.

दहाएक दिवसांत अमोनिया उतरला, पण नायट्राइट चढले. हेही विषच आहे. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होते. त्यावर उपाय मिठाचा. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला सुमारे १ ग्रॅम या हिशेबाने पाव किलो खडेमीठ विरघळवून घातले. सहाव्या आठवड्यात दोन्ही तपासण्या कोऱ्या आल्या. सहा मासे वाचले.

त्याच सुमारास एका रविवारी शिंदखेडा तालुक्यातील एक शेतकरी पालक टाकीसमोर उभे राहिले. आम्ही मोठ्या ऐटीने त्यांना सारे शास्त्र सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “कच्चं शेणखत पीक जाळी टाकस, भाऊ.” आम्ही गप्प झालो. शेणखत कुजवूनच शेतात घालावे हे त्यांना ठाऊकच होते. कपाशीला किंवा केळीला घातलेल्या युरियापासूनही आधी अमोनिया होतो आणि मातीतील त्याच कुळाचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, हे पुढे सरांनी आम्हांला समजावले. टाकीतील पाण्याने पपई का तरारली, तेही तेव्हा कळले.

आज आमच्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी परिचारक, कोणी शेती करतो. संस्थेला नवी टाकी भेट देऊ इच्छिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, टाकीबरोबर सहा आठवड्यांचा अवधीही द्यावा. जुन्या टाकीतील ओला स्पंज किंवा खडी तिच्यात ठेवावी, गाळणी चालू ठेवावी, चिमूटभर खाद्य टाकून जीवाणूंना पोसावे आणि तपासणी कोरी आली की दोन-दोन मासे सोडावेत.

जून महिन्यात नवी मुले वसतिगृहात येत, तेव्हा अधीक्षक सर प्रत्येक नव्या मुलाची खाट एका जुन्या मुलाच्या शेजारी लावीत असत. ती केवळ जागेची सोय आहे, असे आम्हांला त्या मार्चपर्यंत वाटत असे.