कुर्ल्याची गाडी, कलिन्याचा पंप

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर सगळ्यांची नजर भिंतीवरच्या फेरारीच्या पोस्टरकडे जाते. मी लिहितोय ती गाडी मात्र फियाट पॅलिओ १.६. दिसायला साधी हॅचबॅक, पण बॉनेटखाली सोळाशे सीसीचं, साधारण १०० अश्वशक्तीचं इंजिन. २००१ साली पॅलिओ भारतात आली तेव्हा एवढ्याशा गाडीत एवढी ताकद म्हणजे चैनच होती. २००२ मध्ये सचिनच्या नावाने तिची 'एस टेन' ही खास आवृत्तीसुद्धा निघाली. काकांची गाडी त्याच वर्षातली, पण साधी. त्यांच्या लेखी मात्र ती स्पोर्ट्स कारच आहे आणि यावर वाद घालायची आमच्या घरात कोणाची टाप नाही!

ही गाडी बनली कुर्ल्याला, म्हणजे सांताक्रूझच्या आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीचा तो जुना कारखाना. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी तिथल्याच. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेतून गेली. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. जुन्या टॅक्सीवाल्यांचे दंड ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर काकांची पॅलिओसुद्धा पद्मिनी झालेली! स्टिअरिंग जड, आणि वळवताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज. पंप गेला तरी गाडी वळते, कारण स्टिअरिंग आणि चाकं यांचा यांत्रिक दुवा कायम असतो. फक्त जोर सगळा आपल्याला लावावा लागतो. काकांचा उजवा खांदा ऑपरेशन झालेला. काकूला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी पार्ल्याला न्यावं लागतं आणि रिक्षाचे धक्के तिच्या गुडघ्यांना सोसत नाहीत. एका गॅरेजने सांगितलं, "पंप, रॅक सगळंच बदलावं लागेल, पार्ट मिळणार नाहीत, त्यापेक्षा भंगारात काढा." पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करून, ग्रीन टॅक्स भरून जपलेली गाडी. काका दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना वाकोल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी आधी पंपाला हातच लावला नाही. तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, तेलात बोट बुडवलं आणि ते उन्हात धरलं. तेल काळं, आणि त्यात बारीक चमचम. "पंप तो गया, लेकिन मारा किसने?" मग टाकीच्या तळाची जाळी दाखवली. गाळाने पार बुजलेली.

इथे मला आपल्या हॉस्टेलचा पाण्याचा पंप आठवला. फूट व्हॉल्व्हला कचरा अडकला की तो कसा खडखडतो, आणि रेक्टर सर खाली धावत येतात! हेही तेच. पंपाला आत घ्यायला पुरेसं तेल मिळालं नाही की खेचण्याच्या बाजूला दाब पडतो, बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात. फ्लुइड मशिनरीत आपण जे कॅव्हिटेशन पाठ करतो, ते हेच कण्हणं. आत रोटरच्या खाचांमध्ये पत्र्याची छोटी पाती असतात. ती लंबगोल कड्याच्या भिंतीला घासत फिरतात आणि तेल ढकलतात. तेलाचा थर तुटला की लोखंड लोखंडाला खातं. ती चमचम म्हणजे पंपच होता, तेलात उतरलेला. जाळी आणि तेल तसंच ठेवून नवा पंप बसवला असता तर तोही फार दिवस टिकला नसता. काकांचे पैसेही गेले असते आणि गाडीही.

पंप शोधायला सीएसटी रोडवर गेलो. (हे सीएसटी म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनस नव्हे! १९२८ ते १९३४ या काळात इथून 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' नावाची रेल्वे जायची, तिचं नाव रस्त्याला चिकटलं ते चिकटलंच.) विद्यापीठापासून कुर्ल्याकडे जाताना जुन्या पार्टांची दुकानं लागतात. तिसऱ्या दुकानात पॅलिओचे दोन पंप निघाले. उस्तादांनी शिकवून पाठवलं होतं: शाफ्ट हाताने फिरव, अडखळायला नको, वरखाली हलव, खुळखुळायला नको, तोंडातलं तेल बोटावर घेऊन बघ. एक खुळखुळला. दुसरा घेतला. घासाघीस काकांनी केली, त्यात माझा काही हात नाही.

बसवायला अख्खा दिवस गेला. पट्टा सैल करून काढला, टाकीतलं तेल सिरिंजने ओढलं, पाइप सोडवले. हात जेमतेम शिरेल अशी जागा. माझी बोटं बारीक म्हणून ते काम माझ्याकडे. दाबाच्या पाइपाच्या तांब्याच्या वॉशर नव्या घातल्या, त्या परत वापरल्या तर गळतात. रॅककडून परत येणारा पाइप बादलीत सोडून, स्वच्छ तेल येईपर्यंत लाल एटीएफ ओतत राहिलो. जाळी पेट्रोलने धुतली. रॅकला काही झालं नव्हतं.

मग हवा काढणं. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा. टाकीत बुडबुडे येतात, तेल खाली बसतं, पुन्हा भरायचं. उस्ताद घाई करू देत नव्हते. बुडबुडे थांबल्यावरच किल्ली फिरवली. कण्हणं नाही. काकांनी एका बोटाने चाक वळवलं, तशी उस्तादांनी एक ताकीद दिली: स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो आणि तेल तापतं.

आता बहुतेक नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं; पंप नाही, तेल नाही, पट्टा नाही. सोयीचं आहे, पेट्रोलही थोडं वाचतं. पण तिथे बोटाला लागून काही कळत नाही, हे माझं मत.

काढलेला पंप उस्तादांनी मला देऊन टाकला. उघडून, धुऊन हॉस्टेलवर आणलाय. पात्यांच्या झिजलेल्या कडा आणि कड्यावरचे लाटांसारखे ओरखडे स्पष्ट दिसतात. व्हायव्हाच्या आधी ज्यांना बघायचा असेल त्यांनी रात्री मेसनंतर यावं. फक्त पाती मोजून ठेवलीत, एवढं लक्षात असू द्या.