डबल बेसचा खर्ज आणि हलका ॲम्प्लिफायर

डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे वाद्य असले, तरी त्याचा आवाज त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात मोठा नसतो, आणि जॅझसारख्या संगीतात ते गजाऐवजी बोटांनी छेडून वाजवले जाते तेव्हा ड्रम्स व पियानो यांच्या गर्दीत त्याचा खर्ज सहज लोपतो. ॲम्प्लिफायर ही उणीव भरून काढतो. परंतु मुंबईसारख्या शहरात वादकाकडे स्वतःची गाडी असतेच असे नाही, आणि असली तरी ती कार्यक्रमाच्या जागेपासून बरीच दूर उभी करावी लागते, त्यामुळे ॲम्प्लिफायरची निवड करताना ध्वनीइतकाच वजनाचाही विचार करावा लागतो. उपाहारगृहांत व लहान सभागृहांत तिघा-चौघांच्या वाद्यवृंदासह हे वाद्य वाजवणाऱ्या प्रस्तुत लेखकाने ही निवड करताना एकच कसोटी ठेवली होती: एका खांद्यावर वाद्य आणि दुसऱ्या हातात उरलेले सर्व सामान घेऊन टॅक्सीपासून रंगमंचापर्यंत एकाच खेपेत पोचता आले पाहिजे. पूर्वी पद्मिनी टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरचा आधार असे. त्यावर डबल बेस बांधण्याचे धाडस कोणी शहाणा वादक करणार नाही, पण जड खोका मात्र तेथे निमूटपणे जाई. २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून हद्दपार झाल्या आणि तीही सोय संपली.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या वजनाचा मोठा भाग ५० हर्ट्‌झच्या घरगुती विजेवर चालणाऱ्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचा असे. ‘क्लास डी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा न राहता सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो, त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा अत्यल्प राहते. तिला उच्च कंप्रतेवर चालणाऱ्या वीजपुरवठ्याची जोड मिळाली, की काही शे वॅटचे यंत्र जेमतेम दीड किलोत बसते आणि वाद्याच्या पिशवीच्या खिशात मावते. स्पीकरमधील फेराइटच्या जड चुंबकाची जागा १९८० च्या दशकात शोध लागलेल्या निओडिमियमच्या चुंबकाने घेतली, तेव्हा खोक्याचेही वजन उतरले. ही बचत वादकाला जवळजवळ फुकट मिळाली, कारण तिच्यापायी ध्वनीतले काही सोडावे लागले नाही.

खोक्याच्या आकाराबाबत मात्र तसे नाही. ध्वनिवर्धक उद्योगातील अभियंता जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असे सांगतो, की खोल खर्ज, थोड्या विजेत मोठा आवाज आणि लहान खोका या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणत्या तरी एकीवर पाणी सोडावे लागते. अँपेग कंपनीचा १९६० मध्ये आलेला बी-१५ हा ॲम्प्लिफायर सुमारे २५ वॅटचाच होता, तरीही १५ इंची स्पीकरच्या ऐसपैस खोक्यामुळे तो बेसवादकांना पुरला. याउलट आजच्या इवल्याशा खोक्यामागे ५०० वॅट उभे केले, तरी वॅट दुप्पट केल्यावर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. म्हणूनच जाहिरातींतल्या वॅटच्या आकड्यांना प्रस्तुत लेखकाच्या मते फारसा अर्थ नाही, आणि त्यातही बहुतेक यंत्रांवर छापलेला आकडा ४ ओहमच्या भारासाठी असतो, तर एकट्या लहान खोक्याचा भार सहसा ८ ओहम असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास शक्ती हाती येते.

खोल खर्ज, आवाज आणि आकार यांपैकी काय सोडायचे, हा प्रश्न त्यामुळे अटळ होता, आणि त्याचे उत्तर वाद्यानेच दिले. डबल बेसच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ४१ हर्ट्‌झ असते. पण वाद्याच्या पोकळीतल्या हवेचे अनुस्पंदन, म्हणजे ज्या कंप्रतेला ती आपसूक जोराने साथ देते ती, ६० हर्ट्‌झच्या आसपास असल्यामुळे ४१ हर्ट्‌झचा अंश लाकडातून मुळातच क्षीण निघतो, आणि ऐकणाऱ्याचा कान ८२, १२३ अशा वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. जे वाद्य स्वतः फारसे देत नाही, ते खोक्याकडून मागण्यात अर्थ नव्हता. ८ इंची स्पीकरचा खोका एकट्याने वाजवताना अतिशय नितळ वाटला, पण ड्रमवादकाने ब्रश ठेवून काठ्या उचलताच त्याचा आवाज आक्रसला. १२ इंची खोका भरघोस वाजला, तरी जिन्यावर तो दुसऱ्या हाताचीही मागणी करी. दहाएक किलोचा १० इंची खोका या दोहोंच्या मध्ये बसला, आणि बोट तारेवरून सुटतानाचा ठोका त्यातून ज्या स्पष्टपणे ऐकू आला, त्याने निर्णय पक्का केला.

खर्ज सोडायचा म्हणजे तो ॲम्प्लिफायरकडे जाण्यापूर्वीच गाळायचा. घोडीखाली बसवलेला दाबविद्युत पिकअप, म्हणजे दाबाखाली विद्युतदाब निर्माण करणारा स्फटिक, तारेच्या कंपनांबरोबर हाताचे धक्के आणि फळीची हालचालही टिपतो, आणि या न ऐकू येणाऱ्या मंद लहरी स्पीकरचा पडदा पुढे-मागे फेकून त्याची बरीच क्षमता खाऊन टाकतात. ठरावीक कंप्रतेखालचे सर्व अडवणारा हाय-पास फिल्टर ६० हर्ट्‌झच्या आसपास ठेवल्यावर तोच लहान खोका अधिक मोठ्याने आणि स्वच्छ वाजू लागला. याच पिकअपला किमान १० लाख, आणि शक्यतो १ कोटी ओहम संरोधाचा प्रवेश लागतो. तो कमी असला तर हवा तो खर्जही गळतो आणि उरतो तो किरकिरा, पातळ आवाज, ज्याचे खापर अनेकदा विनाकारण स्पीकरवर फुटते. हा प्रवेश आणि फिल्टर दोन्ही असलेल्या मुठीएवढ्या प्रीॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी जोडायच्या डबीवर, केलेला खर्च संपूर्ण जुळणीतला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च होय.

राहिला प्रश्न घुमण्याचा. स्पीकरचा आवाज वाद्याच्या रुंद फळीला कंपित करतो, ते कंपन पिकअपमार्गे पुन्हा स्पीकरकडे जाते आणि एखादा स्वर आपोआप वाढत राहतो; फेज, म्हणजे लहरीचे चढ-उतार, उलटवणाऱ्या बटणाने यावर बराच इलाज होतो, पण तितकाच उपयोग खोका जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वाद्याच्या बाजूला ठेवण्याचा होतो, कारण जमिनीचा आधार तुटला की खालच्या स्वरांचा फुगवटा उतरतो आणि आवाज थेट वादकाच्या कानाशी येतो.

मोठ्या सभागृहांत श्रोत्यांपर्यंत आवाज तेथील ध्वनियंत्रणाच पोचवते व वादकाचा खोका त्याच्या स्वतःच्या कानांपुरता राहतो, त्यामुळे अशा जागांसाठी दुसरा, मोठा खोका घेण्याचा विचार प्रस्तुत लेखकाने सोडून दिला. मात्र अनेक यंत्रांच्या मागील, त्या ध्वनियंत्रणेकडे जाणाऱ्या थेट जोडणीतून सिग्नल स्वरनियंत्रणाच्या आधीच बाहेर पडतो, म्हणून फिल्टर ॲम्प्लिफायरमध्ये नसून त्याच्या आधी, वेगळ्या डबीत असणे या जागी विशेष उपयोगी पडते.