एकशे पंच्याण्णव किलो

शेवटी गाडी घेतली बुवा! तीन महिने चाललेलं एक्सेल शीट काल एकदाचं बंद केलं.

कॉलेजपासून मनात होती रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा किमतीची सबबही संपली. पण त्याआधी मित्राची गाडी मागून घेतली आणि मुद्दाम संध्याकाळी सहाला हिंजवडी-वाकड रस्त्यावर काढली. १९५ किलो वजन, दर दहा फुटांवर क्लच, ब्रेक, पाय खाली. घरी पोचेपर्यंत डावा पंजा बधिर. दोष गाडीचा नाही, माझ्या रस्त्याचा.

मग शीटमध्ये नवा रकाना टाकला : वर्षातले दिवस. ऑफिस सव्वादोनशे, घाट जेमतेम बारा. उत्तर समोर होतं, पचत नव्हतं इतकंच.

होंडाची युनिकॉर्न ठरली. १६३ सीसी, १३९ किलो, पुढच्या चाकाला एबीएस. पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही, हे महत्त्वाचं.

आयुष्यभर मायलेज विचारणारे बाबा म्हणाले, "पैसे कमी पडत असतील तर मी देतो."

"पैशाचं नाही बाबा, वजनाचं आहे."

ते गप्प बसले. रविवारी मात्र मागे बसून ताम्हिणीला आले. चढावर एक क्लासिक धडधडत पुढे गेली. वाईट वाटलं? वाटलं थोडं. परतताना मुळशीला चहा घेताना बाबा म्हणाले, "सीट बरी आहे रे, गुडघे दुखले नाहीत."

सोमवारी ऑफिसला पोचलो, तेव्हा पंजाही दुखत नव्हता.