डाव्या बरगडीखाली

पोलादपूरला श्रावणात माझ्या दवाखान्यात ताप आला की आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो बघायचे. आंबेनळी घाटाकडच्या वाडीतल्या या बाबांचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह होते. लावणी उरकल्यापासून ताप, तिन्हीसांजेला हुडहुडी. सेफ्ट्रिआक्सोनची इंजेक्शनंही झालेली. ताप जरा उतरे, परत चढे. मधुमेह जुना, गोळ्या आठवतील तशा.

"डावा खांदापन दुकतो," बाबा ओशाळून म्हणाले. "आवण वाहून असंल."

खांदा दाबला तरी दुखेना. डाव्या बरगडीखाली बोटं टेकवली तर कळवळले. पाणथरीची सूज वरच्या श्वासपटलाला डिवचते, तेव्हा कळ खांद्यात उठते.

रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरून घेतल्या आणि त्यांना महाडला सोनोग्राफीला धाडलं. पाणथरीत बारीक बारीक गळवं, यकृतातही दोन. एकच मोठं गळू असतं तर नळी घालून पू काढता आला असता. इथे नळी घालणार कुठे? पाणथरी काढणं शेवटचा उपाय, कारण ती गेली की न्यूमोकॉकससारख्या जंतूंची धास्ती जन्मभर. राहिलं औषध, पण कोणतं?

बाबांना पुढे मुंबईच्या रुग्णालयात पाठवलं. ते तिथे पोचले, मागून कल्चर आलं: 'स्युडोमोनासची जात'. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन निकामी, अमॉक्सी-क्लॅव्ह मात्र लागू. हे उफराटंच, नेहमीचा स्युडोमोनास अमॉक्सी-क्लॅव्हला जुमानत नाही. मी लॅबला फोन लावला. "मॅडम, मेलिऑइडोसिस बघाल का? भातशेती करतात, मधुमेह आहे." त्यांनी पुन्हा तपासलं, त्याचाच जंतू निघाला. चिखलामातीत राहणारा हा जंतू व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगूनहून जगापुढे मांडला. उडुपी-मंगळूरचे डॉक्टर त्याला चांगले ओळखतात. आपल्याकडे त्याचं नाव पटकन कुणाच्या तोंडी येत नाही, आणि भात तर आपणही लावतो.

मुंबईत चार आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम चाललं. पहिला आठवडा ताप हटेना. मुलगा रोज मला फोन करून औषध बदलायला सांगा म्हणे. या दुखण्यात ताप असाच रेंगाळतो, औषध बरोबर असलं तरी. मग घरी को-ट्रायमोक्साझोल, सहा महिने. खरी झुंज इथली. ताप गेला, अंगावर मूठभर मांस चढलं, आता गोळ्या कशाला? मध्येच सोडल्या तर दुखणं उलटतं, हे मी दर खेपेला बजावायचो आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमसाठी रक्त काढायचो.

पुढच्या लावणीआधी गमबूट घ्या म्हटलं.

"रुततात हो डाक्टर," बाबा म्हणाले. "बूट चिखलात ऱ्हातो नि पाय वर येतो."